फेटे उडवणारी मोटार

आमच्या सोलापूरला समुद्र नाही, पण वारा समुद्रकाठच्या गावाला लाजवेल असा आहे. मृगाचे चार थेंब पडले न पडले की पश्चिमेकडून जो सुटतो, तो श्रावण संपेपर्यंत दम घेत नाही. ढग आमच्या डोक्यावरून घाईघाईनं पुढं निघून जातात आणि आमच्या वाट्याला धूळ येते. दोरीवरचं लुगडं शेजारच्या आळीत सापडायचं, चुलीचा धूर उलटा घरात शिरायचा आणि अंगणात ज्वारी पाखडायला बसलं की भुशाबरोबर दाणेही जायचे. मी वैरागची. वैरागलाही वारा असतो. त्यामुळं लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा बाकी सगळं नवं वाटलं, वारा तेवढा ओळखीचा निघाला.

सासर लिंगायत, भुसाराचं दुकान. घरात आपसात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि माझ्याशी सुरुवातीला दोन्ही मिळून काहीतरी तिसरंच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुकानाचे धनी. थोरले दीर त्यांच्या हाताखाली आणि दिरांच्या हाताखाली आमचे हे. ह्यांना दुकान मानवत नव्हतं. पोती हलली की शिंकत बसायचे, गिऱ्हाइकानं घासाघीस केली की गप्प व्हायचे आणि ते गप्प झाले की मामंजी ओरडायचे. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी मी ह्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, मीच आवडले नसेन. कुणाला विचारणार?

सोलापुरात तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. त्या दिवसांत भाड्यानं उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचं खूळ आलं होतं. ह्यांनी एका गिरणीतल्या ड्रायव्हरकडं गुपचूप मोटार शिकून घेतली आणि घरात एवढं रामायण झालं की त्याचं वर्णन करायला मी पुन्हा जन्म घेणार नाही. शेवटी एक जुनी मोटार दारात आली. पुढं इंजीन, मागं लाकडी बाकं, वर कॅनव्हासचा टप आणि दोन्ही बाजू सताड उघड्या. सकाळी सोलापूरहून वैरागला जायची, संध्याकाळी परत. संक्रांतीनंतर सुरू केली. पहिल्याच आठवड्यात हे जेवताना एका उतारूची नक्कल करत खो खो हसले आणि मी ऐकत राहिले, तव्यावरची भाकरी कोळसा झाली तरी. त्या दिवशी मला कळलं की माझा काही दोष नव्हता. दोष भुसाराचा होता.

उन्हाळाभर मोटार भरून गेली. बैलगाडीला दिवस लागायचा तिथं लोक दुपारच्या आत वैरागच्या बाजारात उभे राहायचे. मग मृग आला.

वैरागचा रस्ता उत्तरेला जातो, वारा पश्चिमेचा. वडाळ्याच्या पुढं मोठा उघडा माळ आहे, तिथं झाड म्हणून नाही. त्या माळावर वारा डाव्या अंगानं मोटारीत शिरायचा आणि उजव्या अंगानं बाहेर पडायचा, जाताना हाताला लागेल ते घेऊन. मोटारीला स्वतःचा वेग, वर वाऱ्याचा जोर. फेटा म्हणू नका, पटका म्हणू नका, सुटला की गेलाच. सगळे उतारू वारा चुकवायला उजवीकडं सरकायचे, मग मोटार उजवीकडं कलायची आणि बायका देवाचं नाव घ्यायला लागायच्या. ह्यांनी दुकानातली दोन ज्वारीची पोती आणून डाव्या बाजूला बांधली. कलणं थांबलं. फेटे उडायचं मात्र थांबेना.

आम्हा बायकांचं काही अडत नव्हतं. पदराचं टोक दातात धरलं की झालं. टोपीवाले टोपी खिशात घालून मोकळे, कारण टोपीचा एवढा मान नसतो. पण फेटेवाल्यांनी काय करायचं? आजच्या पोरांना हे सांगून पटणार नाही, पण तेव्हा मोठा माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत दिसायचा तो एकाच वेळी. घरातलं कुणी गेलं म्हणजे. उघडं डोकं बघितलं की बघणाऱ्यानं बोलणं थांबवायचं आणि विचारायचं, कोण गेलं?

आषाढात एक गृहस्थ मोटारीनं वैरागला निघाले. लेकीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. नवी सून आखाडात माहेरी पाठवायची रीत, म्हणून लेकीला न्यायला चालले होते. माळावर त्यांचा फेटा गेला. ह्यांनी मोटार उभी केली, खाली उतरून पळत गेले, पण फेटा बाभळी ओलांडून दिसेनासा झाला. बिचारे तसेच वैरागला उतरले. डोकं उघडं, तोंडावर धूळ आणि वाऱ्यानं डोळ्यांतून पाण्याच्या धारा. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईनं त्यांना बघितलं आणि हंबरडाच फोडला. दुसरीनं ऐकून फोडला. लेक आतून धावत आली, बापाचं डोकं बघितलं आणि "आई गं!" म्हणून दारातच बसली. शेजारणींनी रीतीप्रमाणं चुली विझवल्या, तव्यावरच्या भाकरी तशाच राहिल्या.

गृहस्थ ओरडतायत, "अगं, कुणी मेलं न्हाय! फेटा गेला माजा! फेटा!"

एक म्हातारा त्यांना हाताला धरून म्हणाला, "व्हय व्हय, फेटा गेला. बसा जरा. दुःखानं मानूस असंच बोलतं."

अर्ध्या घटकेनं उलगडा झाला. लेकीनं रडणं थांबवलं ते बापाशी भांडायला. ही हकिकत मला माझ्या आईनंच पुढं सांगितली, कारण आमच्या माहेरच्या चुलीचा विस्तवही त्यात विझला होता. सांगताना ती हसत होती, पण मला हसू येईना. वैरागच्या बाजारात मोटारीला नावच पडलं, सुतकी मोटार. लोक पुन्हा बैलगाडीत बसायला लागले. बैलगाडी हळू चालते, पण फेटा डोक्यावर राहतो.

मामंजींच्या कानावर हे यायचंच होतं. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी ह्यांना समोर बसवलं. "पंचमीपर्यंत बघतो," ते म्हणाले. "तवर मानसं बसाय लागली तर तुजी गाडी, तुजं नशीब. न्हाईतर इकून टाकायची आनि दुकानात यायचं. मग पुन्हा मोटारीचं नाव काढायचं न्हाय." हे मान खाली घालून हो म्हणाले. ती खाली घातलेली मान दुकानातली होती. मी ती दाराआडून ओळखली.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. पोती शिवायचं दाभण घेऊन मी ताडपत्रीचा पडदा शिवला, मोटारीच्या डाव्या अंगाला लावायला. माळावर त्यात वारा असा भरला की मोटार रस्ता सोडून शेताकडं जायला लागली. पडदा काढून गुंडाळून घरी आला. मग मला सुचलं की फेट्यावरून पट्टी घेऊन हनुवटीखाली बांधली तर? जुन्या धोतराच्या छान मऊ पट्ट्या फाडल्या, धुतल्या, घड्या घातल्या. हे मोठ्या आनंदानं घेऊन गेले आणि संध्याकाळी तशाच परत घेऊन आले. पहिल्याच उतारूनं पट्टी हातात घेऊन विचारलं होतं, "मालक, हनवटी मेल्यावर बांदत्यात की. तुमी जित्तेपनीच बांदताय व्हय?" मी म्हटलं, खरंच की. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही?

पुढचा उपाय ह्यांचा. झाकणाची मोठी पाटी आणली. फेटे पाटीत ठेवायचे, झाकणावर दोरी बांधायची, उतरल्यावर ज्याचा त्याला. उपाय चांगला होता. फक्त पाटीत तळाला कुणाचा आणि वर कुणाचा, हे ठरवायचं राहिलं होतं. एका गावच्या पाटलांनी आपला पटका दुसऱ्याच्या खाली बघितला आणि विचारलं, "मी ह्यांच्या पायाशी बसू का आता?" ज्यांचा पटका वर होता ते म्हणाले, बसा की. झालं. स्टँडवर दोन गट पडले, ऊन वर आलं आणि मोटार रिकामीच वैरागला गेली.

त्यात एक साधा उपाय सगळ्यांना दिसत होता, तोही सांगते. फेटा काढून मांडीवर ठेवायला काय हरकत, असं हे हात जोडून प्रत्येकाला सांगायचे. हरकत अशी की पहिला कोण? चारचौघांत, बायाबापड्यांसमोर, स्वतःच्या हातानं डोकं उघडं करायचं आणि तसंच गावांवरून जायचं? "तुमच्या वडलांना सांगा की आदी," असं एकानं म्हटलं आणि लोक हसले. मामंजींचा रुमाल सगळ्या पेठेला माहीत होता. आमच्यात पटक्याला रुमाल म्हणतात. पांढराशुभ्र, निऱ्या मोजून बांधलेला. मी दोन वर्षं त्या घरात होते, पण त्यांचं डोकं कसं आहे हे मला माहीत नव्हतं. सकाळी मी उठायच्या आत त्यांची आंघोळ, पूजा आणि रुमाल, सगळं झालेलं असायचं.

पंचमी आली. माहेरी जायला मी निघाले होते, तेही आमच्याच मोटारीनं. आदल्या दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं, "उद्या हिला सोडून येतो. तीच शेवटची फेरी. बार्शीचा एकजण गाडी बघायला येणाराय." मामंजींचा घास हातातच राहिला. मी वाढत होते म्हणून मला दिसलं. मग त्यांनी तो खाल्ला, हात धुतला आणि उठले. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. रात्री माहेरच्या पिशवीत लुगडी भरताना एकेक घडी आपटत होते.

सकाळी स्टँडवर मोटार उभी होती. सणामुळं माणसं होती, पण बसायला कुणी तयार नव्हतं. दोन टोपीवाले, तीन बायका आणि मी, एवढेच आत. फेटेवाले बाहेर उभे राहून वाऱ्याचा अंदाज घेत होते आणि वाऱ्याचा अंदाज काय घ्यायचा, तो तर त्यांच्या धोतरांचे सोगे फडकवत होता. हे हँडल मारायला वाकले तेवढ्यात पेठेकडून मामंजी येताना दिसले. हातात छत्री, पायांत करकरणारे जोडे. मला वाटलं, फेरी व्हायच्या आतच मोटार ताब्यात घ्यायला आले. ह्यांनाही तेच वाटलं असावं, कारण हे हँडल हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मामंजी मोटारीला एक वळसा घालून आले, चाकाला जोड्यानं टोचून बघितलं आणि पुढच्या जागेवर, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. "पंचमीला व्याह्यांकडं जाऊन येतो," एवढंच म्हणाले. मी मागच्या बाकावर होते, पदर पुढं ओढला.

मग त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या लोकांकडं बघितलं. ओळखीचे होते सगळे, कुणी गिऱ्हाईक, कुणी अडत्ये. त्यांच्याकडं बघत बघत मामंजींनी दोन्ही हात वर नेले आणि रुमाल उचलून काढला. डोकं अगदी गुळगुळीत होतं आणि कपाळावरच्या भस्माच्या वर एकदम गोरं, ऊन न लागलेलं. त्यांनी मागं वळून रुमाल माझ्या हातात दिला. "पोरी, धर हे. मांडीवर ठेव, खाली ठेवू नको."

रुमाल गरम होता.

"घरी समदी खुशाल हायत," मामंजी बाहेरच्यांना म्हणाले. "बसताय का न्हाई? मला उशीर व्हतोय."

आधी पाटीवरून भांडलेले पाटील चढले. आता ह्या दुकानदाराच्या मागं राहायचं म्हणजे कमीपणा. त्यांनी पटका काढून मांडीवर घेतला आणि इकडंतिकडं बघितलं. मग बाकीचे. बाकं भरली, प्रत्येकाच्या मांडीवर ज्याचा त्याचा फेटा, लहान मूल घेऊन बसल्यासारखे सगळे नीट धरून बसलेले. टोपीवाल्यांनी उगाच आपल्याही टोप्या खिशातून काढून मांडीवर ठेवल्या.

मोटार सुटली. वडाळ्याशी वेशीजवळ बायका वारुळाला निघाल्या होत्या. मोटारभर उघडी डोकी बघून त्या जागच्या जागी थांबल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. रस्त्याकडेला बसलेली एक म्हातारी हात वर करून ओरडली, "कोन गेलं रं बाबांनो?"

मामंजींनी बाहेर डोकं काढलं, तेच उघडं डोकं. "कुणी न्हाय गेलं, आज्जे! पंचमीला चाललोय!" आणि आत येऊन हसायला लागले. त्यांचं हसणं आणि ह्यांचं हसणं अगदी एकसारखं होतं, खो खो, खांदे हलवून. ह्या घरात ते कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

माळावर वारा आला तो त्याच्या नेहमीच्या तोऱ्यात. धुळीनं डोळे मिटले, टप फडफडला, पण न्यायला त्याला काही मिळालं नाही. मामंजी वाऱ्याकडं तोंड करून बसले. "गाळी भाळ अद," ते कानडीत म्हणाले, म्हणजे वारा फार आहे. पण तक्रार म्हणून नाही, कढीत मीठ बरोबर पडलंय म्हणतात तसं. ह्यांचं मात्र सगळं लक्ष रस्त्यावर आणि माणसांवर. समोरून बैलगाडी आली की हाक, मेंढपाळाला हाक, शेतातल्या माणसाला औताचं विचार, त्याच्या बैलाचा पाय बरा झाला का ते विचार. मागच्या उतारूंना पुढच्या गावाचे किस्से. पोत्यांची दोरी सुटून ती उजवीकडं सरकली तर चालू मोटारीतच कुणालातरी थट्टेनं सांगितलं, "दाजी, तुमी पोत्यापेक्षा जड, तुमीच बसा तितं." मामंजी ह्यांच्याकडं एकसारखे बघत होते. मग मागं वळून, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात त्यांनी विचारलं, "हा इतकं बोलतो?"

मी सासऱ्यांशी तोंडानं बोलत नव्हते, तशी रीत होती. मी नुसती मान हलवली. हो, बोलतात. तुमच्या दुकानाबाहेर बोलतात, असं मनात म्हटलं, आणि ते त्यांना कळलं असावं, कारण ते लगेच पुढं वळले.

वैराग दिसायला लागलं तसं मामंजींनी मोटार थांबवायला सांगितली. गावाबाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्या आडोशाला. "गावात असं जायचं न्हाय," ते म्हणाले. "पुन्हा चुली इझतील." सगळे हसत खाली उतरले आणि आपापले फेटे बांधायला लागले. पाटलांच्या पटक्याचं एक टोक दुसऱ्यानं धरलं, त्याच्या पटक्याचं पाटलांनी. आदल्या आठवड्यात कोण कुणाच्या पायाशी यावरून भांडलेले हेच ते दोघं.

मामंजींचा रुमाल लांबलचक. घरी त्याचं टोक खुंटीला बांधून ते बांधायचे, इथं खुंटी नव्हती. मी मांडीवरचा रुमाल ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मागं मागं सरत गेले, कापड पूर्ण ताणलं जाईपर्यंत. मामंजींनी दुसरं टोक डोक्याला लावलं आणि निऱ्या घालत, गोल फिरत, एकेक वेढा घेत मुलाच्या दिशेनं यायला लागले. वारा कापडाखाली शिरत होता, ते मध्येच फुगत होतं.

"गट्टी हिडी," मामंजी म्हणाले. घट्ट धर.

हे घट्ट धरून होते.

अर्धा रुमाल बांधून झाल्यावर मामंजी थांबले, ह्यांच्याकडं न बघता वाऱ्याकडं बघत. "बार्शीच्या मानसाला सांग, गाडी इकायची न्हाय," ते म्हणाले. "आनि दुकानात येऊ नको. थोरला हाय, मी हाय. तू तितं गप बसलेला मला आता बघवायचा न्हाय." आणि पुन्हा फिरायला लागले.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाऱ्याचं नव्हतं ते, झाडाच्या आडोशाला वारा तितका नव्हताच. पुसायला हात मोकळा नाही, रुमाल सोडला तर सगळे वेढे सुटायचे. हे तसेच उभे, गालांवरून पाणी, धुळीत दोन रेघा. सगळी मोटार बघत होती, पाटील बघत होते आणि मामंजी फिरत फिरत जवळ येत होते. मी पदर घेऊन पुढं झाले आणि सासऱ्यांच्या देखत नवऱ्याचे डोळे पुसले.